डाव संपल्यावर

परवा रात्री आमची धाकटी ऑनलाइन बुद्धिबळाचा एक डाव जिंकली आणि तरीही हिरमुसून बसली. वय वर्षं चौदा. जिंकल्यावर घर डोक्यावर घेणारी मुलगी गप्प का, म्हणून मी तिच्या खोलीत डोकावलो. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पडद्यावर डोंगराच्या कड्यासारखा वरखाली जाणारा एक आलेख होता आणि शेजारी हिशेब मांडला होता : किरकोळ त्रुटी चार, चुका दोन, घोडचुका तीन.

"बाबा, मी जिंकले. पण मशीन म्हणतंय, मी वाईट खेळले."

मी नेहमीचं उत्तर दिलं. "अगं, जिंकलीस ना? मग झालं तर!" तिचं काही समाधान झालं नाही. खरं सांगायचं तर माझंही झालं नाही. कारण याच आलेखाशी माझा एक जुना हिशेब आहे. तो कधीतरी कागदावर मांडायचाच होता, आणि आपल्या स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितल्याचं निमित्त मिळालं.

ज्यांचा बुद्धिबळाशी संबंध शाळेनंतर तुटला, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हल्ली बहुतेक डाव इंटरनेटवर खेळले जातात. प्रत्येक खेळी आपोआप नोंदली जाते. डाव संपला की एक बटण दाबायचं. मग संगणक पहिल्या खेळीपासून शेवटच्या खेळीपर्यंत सगळा डाव तपासतो आणि तुम्ही कुठे घसरलात ते रंग लावून दाखवतो. हे मोजमाप प्याद्यांच्या भाषेत असतं. घोडा किंवा उंट म्हणजे साधारण तीन प्यादी, हत्ती म्हणजे पाच, वजीर म्हणजे नऊ, ही कोष्टकं आपण लहानपणी शिकलोच होतो. संगणक एका प्याद्याचे शंभर भाग करतो आणि तुमच्या खेळीने किती भाग गमावले ते सांगतो. लीचेससारख्या संकेतस्थळावर ही सोय फुकट आहे. थिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने 2010 मध्ये ते सुरू केलं आणि आजही ते जाहिरातींविना, देणग्यांवर चालतं. त्यामागे डोकं चालतं ते स्टॉकफिश नावाच्या प्रोग्रामचं. तोही फुकट, आणि जगज्जेत्यालाही सहज हरवेल असा.

आम्हा न्यू जर्सीकरांना या गोष्टीचा थोडा अभिमान असायला हरकत नाही. संगणकाला बुद्धिबळ कसं शिकवावं, यावरचा पायाभूत लेख क्लॉड शॅननने 1950 मध्ये प्रसिद्ध केला तेव्हा तो बेल लॅब्जमध्ये होता. बुद्धिबळाचे किती वेगवेगळे डाव होऊ शकतात, याचा त्याने अंदाज बांधला : एकावर एकशेवीस शून्यं! पुढे मरे हिलच्या त्याच बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि जो काँडन यांनी 'बेल' नावाचं यंत्र बनवलं आणि 1983 मध्ये त्या यंत्राला अमेरिकेत 'मास्टर' दर्जा मिळाला. आणि 1997 च्या मे महिन्यात, नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये, आयबीएमच्या डीप ब्लूने गॅरी कास्पारोवला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवलं. तेव्हा मला इथे येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ट्रेनमध्ये शेजारच्याच्या पेपरात डोकावून मी ती बातमी वाचली आणि रात्री सांगलीला फोन लावला. त्या काळी मिनिटामिनिटाचे पैसे पडत, तरी अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "कुठल्या खेळीला चुकला रे तो?"

त्या सामन्यातला दुसरा डाव मला आजही विचारात पाडतो. कास्पारोवने त्यात राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी त्याच्याच माणसांनी त्याला सांगितलं, की शेवटच्या स्थितीत सततचे शह देऊन डाव बरोबरीत सोडवण्याची वाट त्यांना सापडली आहे. जगातल्या सर्वांत बलाढ्य खेळाडूने ती वाट शोधलीच नाही. यंत्राने पुढचं सगळं पाहिलेलं असणार, त्याच्या हातून अशी फट राहणारच नाही, हे त्याने गृहीत धरलं होतं. म्हणजे यंत्र जिंकलं ते त्याच्या गणनेमुळे, तसंच त्याच्याविषयीच्या धाकामुळेही. दुसऱ्याला सगळं दिसतंय अशी एकदा खात्री पटली, की माणूस स्वतः बघायचं थांबतो. हे वाक्य वाचकांनी जरा लक्षात ठेवावं. मला त्याकडे परत यायचं आहे.

आता अण्णांविषयी. अण्णा सांगलीत हायस्कुलात गणित शिकवत. सांगली म्हणजे बुद्धिबळाचं गाव. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ तिथलंच, आणि भाग्यश्री साठे (पुढे ठिपसे) याच गावातून पुढे आल्या. अण्णा त्या तोलामोलाचे खेळाडू नव्हते, परंतु हौस दांडगी. त्यांच्या वडिलांकडून ते देशी पद्धतीने शिकले होते. म्हणजे प्यादं पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाणार, आणि तोवर शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्याची चाल मिळणार. पुढे ते आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळू लागले, पण प्याद्याने मात केली की त्यांचा चेहरा जुन्या लोकांसारखाच खुलायचा.

त्यांचा एक नियम होता. डाव संपला की उठायचं नाही. पट पुन्हा मांडायचा, आठवत आठवत खेळ्या परत करायच्या, आणि अडेल तिथे थांबायचं. "इथे तुझ्या मनात काय होतं?" असं ते विचारत. खेळी बरोबर की चूक, हा विषय नंतर. आधी मनात काय होतं ते सांगायचं. पुष्कळदा माझ्या मनात काहीच नसे. ते कबूल केलं की ते हसत आणि म्हणत, "मग ती खेळी तू केलीच नाहीस. ती झाली."

2016 साली मी त्यांना एक टॅबलेट नेऊन दिला आणि आमचे ऑनलाइन डाव सुरू झाले. उन्हाळ्यात आमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे त्यांचे सकाळचे सात. त्यांचा चहा झालेला, माझी भांडी डिशवॉशरमध्ये लागलेली. आठवड्यातून तीन डाव तरी व्हायचेच. ते पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळत तेव्हा चाळीस वर्षांची तीच सुरुवात : राजासमोरचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट. डाव संपला की मी फोन लावायचो आणि जुन्या नियमाने आम्ही तो परत बघायचो. पंधरा मिनिटांचा डाव आणि पाऊण तासाचा फोन! त्या फोनमध्ये बुद्धिबळाबरोबर शेजारच्यांच्या मुलीचं लग्न, कृष्णेच्या पुराचं पाणी, आईचे गुडघे, सगळं यायचं.

मग मला ते बटण सापडलं. सुरुवातीला मी फोनच्या आधी गुपचूप दाबून बघायचो, म्हणजे आपण हुशार दिसू! हळूहळू फोन आखडत गेला. अण्णा विचारत, "विसाव्या खेळीला मी उंट मागे घ्यायला हवा होता का?" आणि मी पडद्यावर बघून सांगायचो, "नाही अण्णा, घोडा पुढे. सव्वा प्याद्याचा फरक पडत होता." आता यावर पुढे काय बोलणार? उत्तर मिळालं की प्रश्न मरतो. कामाचा व्याप वाढला, तशी मी त्यांनाही बटण शिकवून टाकलं. "अण्णा, हे दाबा. सगळं कळतं. फोनची गरजच नाही." ते "बरं" म्हणाले. 2020 संपता संपता डाव चालू राहिले, फोन मात्र रविवारचा तेवढा राहिला, आणि त्यातही आईच जास्त बोलायची.

2021 च्या उन्हाळ्यात मी सलग जिंकू लागलो. मंडळी, मला ते सांगताना आजही लाज वाटते, पण मी खूश होतो. पन्नाशी उलटल्यावर आपला खेळ सुधारला, असं मी हिला कौतुकाने सांगितलं. बटण मी दाबायचोच, पण माझ्या बाजूचे आकडे बघायला. त्यांच्या बाजूचे आकडे शेजारच्याच रकान्यात होते. ते वाचायला डोळे तिरके करण्याचीसुद्धा गरज नव्हती.

त्या दिवाळीनंतर धाकट्या भावाचा फोन आला. अण्णा नेहमीच्या रस्त्यावरून घर चुकले होते. तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंश, आणि तो बराच पुढे गेलेला. 2022 च्या शेवटी ते गेले.

पुढच्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ साचलेलं असताना, मी आमचे जुने डाव उघडले. सगळे तारीखवार तिथेच होते. एकेक डाव तपासत गेलो. 2019 मध्ये अण्णांची एखादी घोडचूक व्हायची. 2020 च्या शेवटी दोन. 2021 च्या मार्चपासून हत्ती माऱ्यात ठेवून दिलेला. एक खेळी पुढे गेलेला उंट पुढच्याच खेळीला विनाकारण मागे आलेला. आणि मे महिन्यातल्या एका डावात त्या चाळीस वर्षांच्या सुरुवातीत तिसऱ्या खेळीलाच बराच वेळ अडकून, उंटाऐवजी कडेचं प्यादं पुढे सरकवलेलं. आकड्यांवरून रोगाचं निदान होत नाही, हे मला कळतं. म्हाताऱ्या माणसाचा खेळ शंभर कारणांनी ढिला पडतो. तरीही कोणीतरी विचारायला हवं होतं, "अण्णा, इथे तुमच्या मनात काय होतं?" तो प्रश्न आमच्या घरात एकच माणूस विचारत असे, आणि मी त्यालाच बटण दाबायला शिकवलं होतं.

आता खरा प्रश्न. ही माझी चूक होती का? आणि मुळात चूक कशाला म्हणायचं?

संगणकाची व्याख्या सरळ आहे. खेळीच्या आधी तुमची स्थिती अशी होती, नंतर अशी झाली. जेवढं घसरलात तेवढी चूक. खेळणाऱ्याला काय ठाऊक होतं, त्याच्या घड्याळात किती सेकंद उरले होते, तो दमला होता का, याची त्यात नोंद नाही. बुद्धिबळाच्या खेळीपुरती ही व्याख्या उत्तम आहे. माणसाला मात्र ती पुरत नाही. माझ्या मुलीच्या तीन घोडचुकांपैकी दोन अशा होत्या, की त्यांचं उत्तर नऊ खेळ्या खोल होतं. ते तिला दिसणं शक्य नव्हतं, तिच्या प्रतिस्पर्ध्यालाही दिसलं नाही. तिसऱ्या वेळी तिने वजीर उघडा ठेवला, कारण ती त्याच वेळी मैत्रिणीला निरोप टाइप करत होती. संगणकाच्या दृष्टीने तिन्ही एकाच रंगाच्या. माझ्या दृष्टीने पहिल्या दोन चुका नाहीतच, त्या तिच्या आजच्या समजेच्या सीमा आहेत. तिसरी चूक आहे, कारण ते दिसण्यासारखं होतं आणि तिने पाहिलं नाही. दिसू न शकणं वेगळं आणि न बघणं वेगळं. यंत्राला हा भेद करता येत नाही. तो खेळणाऱ्याने स्वतःच, आणि खोटं न बोलता, करायचा असतो.

आपल्यासारख्या देश सोडून आलेल्यांना ही कसोटी कामाची आहे. पार्टीनंतर गाडी चालवताना आपल्यातला प्रत्येकजण मनातल्या मनात जुना डाव तपासतो : 1996 ला आलो ते बरोबर केलं का? दहा वर्षांनी परत जायचं ठरवलं होतं, ते राहिलं कसं? माझं उत्तर असं, की येण्याच्या त्या निर्णयाला मी चूक म्हणणार नाही. त्या वेळी जे दिसत होतं ते पाहून, अण्णांशी बोलून, तो घेतला होता. पंचवीस वर्षांनंतरच्या उजेडात तेव्हाच्या अंधाराला दोष देणं हा अन्याय आहे. पण 2021 चा उन्हाळा? तिथे अंधार नव्हता. मला दिसू शकत होतं. मी बघितलं नाही.

भाऊ माझी समजूत घालतो. "दादा, तुला सहा महिने आधी कळलं असतं तरी काय झालं असतं? या आजाराला उलट वाट नाही." हे खरं असेल. गंमत म्हणजे संगणकही त्याचीच बाजू घेईल. डाव पुरता हरलेला असला, की पुढची कुठलीही खेळी तो चूक म्हणून रंगवत नाही, कारण निकालात फरक पडत नाही. नऊ प्याद्यांनी मागे असताना आणखी एक हत्ती गेला काय आणि राहिला काय!

नेमकं इथेच मला यंत्राचा निरोप घ्यावासा वाटतो. आयुष्यातले सगळेच डाव शेवटी हरायचे आहेत. निकालात फरक पडत नाही म्हणून खेळीला महत्त्व नाही, असं म्हटलं तर म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी बसण्याला, त्याचं तेच तेच बोलणं ऐकण्याला, आठ हजार मैलांवरून पाऊण तास फोन करण्याला काही अर्थच उरणार नाही. या गोष्टींनी निकाल बदलत नाही. त्या निकालासाठी करायच्याच नसतात. मी फोन केले असते तर अण्णा वाचले नसते, पण त्या उन्हाळ्यात ते घाबरले असतील तेव्हा एकटे नसते. माझी चूक तेवढी आहे. ती आलेखात येत नाही आणि मोठी आहे.

याचा अर्थ बटण वाईट, असा कुणी काढू नये. तेच साधन वेळ बदलली की पाप ठरतं आणि वेळ बदलली की गुरू ठरतं. जून 2021 मध्ये कोविडच्या मदतीसाठी विश्वनाथन आनंद ऑनलाइन, एकाच वेळी अनेकांशी खेळला. त्यात एका तरुण उद्योगपतीने त्याला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी कबूल केलं, की आपल्याला माणसांची आणि संगणकांची मदत होती. डाव चालू असताना घेतली ती चोरी. तीच मदत डाव संपल्यावर घेतली असती तर अभ्यास म्हणवली असती. बफेलो विद्यापीठाचे प्राध्यापक केनेथ रेगन, जे स्वतः इंटरनॅशनल मास्टर आहेत, अशा लबाड्या पकडण्यासाठी खेळाडूच्या खेळ्या संगणकाच्या खेळ्यांशी ताडून पाहतात. म्हणजे चोरी तेच साधन करतं आणि चोर पकडायलाही तेच लागतं. साधनाला चारित्र्य नसतं. ते आपल्याला सांभाळावं लागतं. माझी चोरी आणखी वेगळ्या जातीची होती. डाव संपल्यानंतरचा जो वेळ दोघांचा होता, तो मी यंत्राला देऊन मोकळा झालो. यंत्राला सगळं दिसतंय, मग आपण कशाला बघा? कास्पारोवने एक डाव सोडला, मी एक उन्हाळा सोडला.

असो. त्या रात्री मी मुलीचा लॅपटॉप मिटला आणि कपाटातून अण्णांचा लाकडी पट काढला. एक उंट हरवलाय, त्याच्या जागी बाटलीचं बूच आहे. तिला म्हटलं, "मांड. आठवेल तिथपर्यंत मांड." चौदाव्या खेळीला ती अडकली, मग आठवलं. एकविसाव्या खेळीला तिने वजीर उघडा ठेवला होता, तिथे मी थांबलो आणि विचारलं, "इथे तुझ्या मनात काय होतं?"

ती बराच वेळ पटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "खरं सांगू? काहीच नव्हतं. पण बाबा, त्या दिवशी शाळेत एक झालं होतं..."

पुढचा तासभर आम्ही बुद्धिबळाविषयी बोललो नाही. बटण तिने दुसऱ्या दिवशी दाबलं. मी नको म्हटलं नाही. आणि हो, सांगलीला आईला आता मी रविवारखेरीज बुधवारीही फोन करतो. तिला बुद्धिबळातलं काही कळत नाही, त्यामुळे मध्ये कुठलंच यंत्र येत नाही.